वर यायची हवा

मास्क लावायचा म्हणून कॉन्रॅडने त्या सकाळी दाढी काढली. स्वतःच्या लग्नात आईने विनवण्या केल्या तेव्हाही त्याने ती काढली नव्हती. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या मास्कच्या रबराखाली केस आले की तिथून हवा सुटत राहते, आणि पाण्याखाली सुटलेली हवा परत मिळत नाही.

"लग्नाला नाय काढली," मेरीमावशी म्हणाली. होडीत बसल्या बसल्या तिने त्याच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला. "स्टीवनने बगितलं असतं तर हसला असता तुला."

कॉन्रॅडने रबरी सूटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

स्टीवन मावशीचा एकुलता एक मुलगा, आमचा मावसभाऊ. पाच दिवसांपूर्वी पहाटे मासे घेऊन परतताना त्याची बोट खाडीच्या तोंडाशी उलटली आणि बुडाली. बरोबरचे दोघे पोहत पाचूबंदरच्या किनाऱ्याला लागले. स्टीवन केबिनमध्ये इंजिनापाशी होता, तो बाहेर आलेला कोणी पाहिला नाही. सरकारी पथकाने दोन दिवस खाडी पालथी घातली, पण त्या गढूळ पाण्यात आणि त्या ओढीत त्यांचाही इलाज चालेना. एव्हाना तो वर यायला हवा होता, आला नाही म्हणजे आतच अडकलाय, असं पीटरमामा म्हणाले. त्यांचा जन्म या खाडीत गेलेला, शिवाय आज आम्ही त्यांच्याच होडीत होतो. त्यांच्या बोलण्यावर कोणी शंका घेतली नाही.

मावशीला फक्त एकच हवं होतं. तिने कबरस्तानात नवऱ्याच्या शेजारची जागा धरून ठेवली होती आणि तिथे तिला पेटी उतरवायची होती, आत माणूस असलेली पेटी. "रिकाम्या पेटीवर मिस्सा नको," एवढंच ती अंत्यविधीचं विचारायला आलेल्या फादरना म्हणाली होती.

कॉन्रॅड माझा धाकटा भाऊ. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर पाणबुड्याचं काम करतो. बातमी कळली तसा सुट्टी टाकून आला, येताना कंपनीतल्या मित्राकडून मास्क आणि बोलायची पेटी आणि मुंबईहून भरलेले दोन सिलिंडर घेऊन आला. पहिला सिलिंडर आदल्या दिवशी बोट शोधण्यात संपला. बोट सापडली, कुशीवर पडलेली. तिला दोर बांधून त्याने वर एक रिकामा निळा कॅन सोडला होता. आज त्याच कॅनला होडी बांधून आम्ही भरती पुरी व्हायची वाट बघत होतो. भरती पुरी झाली की ओहोटी लागायच्या आधी पाणी थोडा वेळ उभं राहतं. तेवढाच वेळ खाली काम करता येतं. उद्यापासून अमावास्येचं उधाण लागणार होतं, मग पाणी धड उभंही राहणार नव्हतं. पुन्हा मुंबईला जाऊन सिलिंडर भरून आणेपर्यंत बोट त्याच जागी राहील, याची पीटरमामाही खात्री देत नव्हते.

म्हणजे एक सिलिंडर आणि एक थांबलेलं पाणी.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. म्हणून बोलायची पेटी माझ्याकडे आणि कॉन्रॅडच्या कमरेला बांधलेला दोर पीटरमामांकडे. दोराच्या आतूनच बोलायची तार जात होती. फोनसारखी दोन्ही बाजूंनी उघडी लाइन. पेटीला स्पीकर, माइक आणि एक हेडफोन.

"गेज मी सांगेन ते लिहायचं बिहायचं नाय, टीचर," कॉन्रॅड मला म्हणाला. तो मला टीचरच म्हणतो. गेज म्हणजे सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते दाखवणारा काटा. "फक्त डोक्यात ठेव. दोनशेने निघतोय. पन्नासला मी वर. त्या पन्नासला हात लावायचा नाय, ती वर यायची हवा."

"आणि तूच विसरलास तर?"

"तर तू ओरड. चाळीस पोरं गप्प करतेस, मी एकटा हाय."

"चार वेळा दोर ओढला म्हनजे वर," पीटरमामा म्हणाले. "नाय आलास तर मासळीसारखा ओढून घेनार. आनि हा मुखवटा लावून तू खेकड्याचा जावई दिसतोस, सांगून ठेवतो."

मावशीच्या शेजारी बसलेल्या रिटा आणि फेलिशिया, दोघी तिच्याच गल्लीतल्या, हसल्या आणि लगेच ओशाळल्या. मावशीही थोडी हसली. तिच्या बोटांतली माळ मात्र थांबली नाही.

स्टीवन घरी येईपर्यंत रोजरी तुटू द्यायची नाही असं मावशीने ठरवलं होतं. घरात पाळ्या लावून बायका दिवसरात्र म्हणत होत्या, आणि आता ती माळ होडीत आली होती. आमच्याकडे रोजरी एकट्याने म्हणत नाहीत. एकाने अर्धं म्हणायचं, "नमो मरिये, कृपापूर्णे" पासून. बाकीच्यांनी उरलेलं अर्धं पुरं करायचं, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते." पहिलं अर्धं कानावर पडलं आणि उत्तर दिलं नाही असं आम्हा पोरांपैकी कोणी केलं तर आजीचा हात आधी पाठीत बसायचा, मग कारण विचारलं जायचं. जेवताना, भांडताना, पेंगताना, कसंही असो, उत्तर जायचंच.

कॉन्रॅडने मास्क चढवला. पट्टे आवळले. मास्कच्या बाजूला एक छोटी चावी असते, ती उघडी ठेवली तर बाहेरची हवा आत येते आणि सिलिंडर खर्च होत नाही. पाण्यात उतरताना ती बंद करायची. तो होडीच्या काठावर बसून पाणी थांबायची वाट बघत होता आणि स्पीकरमधून त्याचा आवाज येत होता. मावशी अर्धं म्हणायची, दोघी बायका आणि स्पीकर मिळून उरलेलं. मी वाकून पाहिलं, चावी बंद होती. तो बसल्या बसल्या सिलिंडरमधली हवा ओढत होता. मी ती उघडली.

"सॉरी," तो म्हणाला. "कामावर असलं काय बघावं लागत नाय."

कामावर त्याला जहाजावरून नळीने हवा येते. कितीही घ्या, संपत नाही. शिवाय तिथे पाणबुड्याने सतत बोलत राहायचं असतं. गप्प बसला की वरचे घाबरतात. पाठीवर सिलिंडर आणि चेहऱ्यावर हा मास्क, हे त्याने क्वचितच केलं होतं. साध्या सिलिंडरवर उतरणारे नळी दातांत धरतात, त्यांना बोलता येत नाही. इथल्या पाण्यात तसं उतरणं शक्य नव्हतं. अख्ख्या शहराची गटारं, बोटीतून सुटलेलं डिझेल, आणि ज्याला शोधायचं तो पाच दिवसांचा. ते पाणी ओठांना लागू नये म्हणून हा मास्क. त्यात नाक-तोंड दोन्ही कोरडं राहतं. तोंड मोकळं राहतं.

कॅनचा दोर सैल पडला. पीटरमामांनी पाण्यावर थुंकून पाहिलं. थुंकी जागेवरच राहिली.

"जा," ते म्हणाले.

कॉन्रॅडने चावी बंद केली आणि मागच्या मागे पाण्यात पडला.

स्पीकरमध्ये त्याचा श्वास होडीभर ऐकू येत होता. आत जाताना कोरडी शीळ, बाहेर येताना बुडबुड्यांचा गडगडाट. कॅनचा दोर धरून तो उतरत होता. "काय दिसत नाय. हात बी दिसत नाय." मग, "तळाला आलो. बोट लागली." गेज वाचायला त्याला ते काचेला टेकवून त्यावर टॉर्च धरावा लागत होता. "एकशेऐंशी."

मला ते कमी वाटलं, पण वर वाया गेलेली हवा मी त्यात धरली आणि गप्प बसले.

मावशीने आवाज ऐकला तशी माळ थांबवली होती. आता तिने पुन्हा सुरू केलं. माइक माझ्या गुडघ्यावर होता, तिच्यापासून हातभर लांब.

"नमो मरिये, कृपापूर्णे..."

आणि खालून, पाण्याच्या तळातून, उत्तर आलं. "हे पवित्र मरिये, देवाच्या माते..."

फेलिशियाने तोंडावर हात ठेवला. रिटा उत्तर द्यायची विसरली. मावशी पेटीकडे बघत राहिली. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. आवाज कॉन्रॅडचा होता हे तिला ठाऊक होतं. पण तो जिथून येत होता ती जागा स्टीवनची होती, आणि पाच दिवसांत तिथून पहिल्यांदाच कोणी तिला उत्तर दिलं होतं.

तिने पुढचा मणी घेतला. या वेळी जरा मोठ्याने.

पुन्हा उत्तर आलं. बायका आता म्हणतच नव्हत्या, त्या ऐकत होत्या. मावशी तिचं अर्धं म्हणून थांबायची, मान पेटीकडे झुकवायची, आणि खालचं पुरं झाल्याशिवाय पुढचा मणी सोडायची नाही.

मी त्याचा श्वास ऐकत होते. त्या खोलीवर पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुपटीहून जास्त. तिथला एक श्वास इथल्या दोन श्वासांहून जास्त हवा खातो. बोलणारा माणूस तर अख्खं वाक्य एका दमात सोडतो आणि मग मोठा घोट घेतो. शिवाय मास्कमध्ये उच्छ्वासातली थोडी हवा मागे रेंगाळते, ती पुन्हा आत जाते, दम लागल्यासारखं होतं, आणि माणूस आणखी जोरात ओढतो. प्रत्येक 'आमेन'नंतर ती शीळ लांबत होती.

"कॉन्रॅड, गेज."

"थांब. केबिनचं दार कुठं... खाली हाय, चिखलात. खिडकीतून जातो." श्वास. "एकशेतीस."

इतक्या लवकर एकशेतीस व्हायला नको होतं. माझ्या डोक्यातल्या हिशेबात पाणी उलटेपर्यंत हवा पुरत होती, वर थोडी उरतही होती. आता ती अर्ध्यातच संपणार होती.

"बोलू नकोस," मी म्हणाले. "उत्तर देऊ नकोस. हवा जातेय. ऐकतोयस?"

"हां, हां."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातावर हात ठेवला. "मावशी, थोडा वेळ मनातल्या मनात म्हण. बोलला की त्याची हवा लवकर संपते."

"नुसतं बोलून?"

"हो."

तिला ते पटलं नाही. पण ती गप्प झाली. ओठ हलत राहिले, आवाज बंद. होडीत एवढी शांतता झाली की कॅनवर आपटणारं पाणी ऐकू येऊ लागलं. मग स्पीकरमधून कॉन्रॅड म्हणाला, "मावशी? का थांबली? चालू दे. इथं लय काळोख हाय."

त्याने असं म्हणायला नको होतं. तिला थांबवायला मग माझ्याकडे काही उरलं नाही.

"नमो मरिये," मावशी म्हणाली, आणि आता तिचा आवाज घोगरा झाला होता.

मी माइकचं बटण बंद केलं. हेडफोनची पिन पेटीत खुपसली, तसा स्पीकर मुका झाला.

"बंद का केलंस?"

"त्याला काम करू दे, मावशी."

"मी काय त्याचे हात धरले?" तिने विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं.

बायकांनी तिच्या मागे उत्तर द्यायला सुरुवात केली आणि माळ होडीपुरती पुढे चालू लागली. मी हेडफोन कानांवर दाबला. कॉन्रॅडला आता वरचं काही ऐकू जात नव्हतं. त्याचा श्वास येत होता. घासल्याचे, लाकूड ठोठावल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, झालं, आता शांत होईल.

मग तो म्हणाला, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते."

आणि थांबला. साधारण वरचं अर्धं म्हणायला लागतं तेवढाच थांबला. आणि पुन्हा म्हणाला.

मावशी कुठवर आली असेल याचा अंदाज घेऊन तो तिच्यासाठी जागा सोडत होता. लाइन बंद पडली असं त्याला वाटलं असेल, किंवा काहीच वाटलं नसेल. त्या काळोखात, हाताला येईल ते चाचपत, तोंडाला लहानपणापासून जे माहीत होतं ते तोंड करत होतं. मी बटण दाबून "गप्प बस" म्हणाले. तो "हां" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा ओठ चालू लागले, या वेळी पुटपुटत, शब्द कळत नव्हते, पण चाल तीच. मी पुन्हा ओरडले. आपण म्हणतोय हे त्याला कळत होतं की नाही, याचीही मला खात्री नाही. हवा त्याच्या पाठीवर होती, तोंड त्याचं होतं, आणि माझ्या हातात एक बटण होतं.

"गेज."

"नव्वद."

"आता एक शब्द नाही."

खरंच बराच वेळ एक शब्द आला नाही. श्वास थोडा सावकाश झाला. पीटरमामांच्या हातातला दोर हळूहळू सरकत होता. त्यांनी माझ्याकडे बघून भुवया उचलल्या. मी मान हलवली. कॅनपाशी पाण्यावर एक पालापाचोळ्याची रेघ आली होती. ती किंचित समुद्राकडे सरकली.

"प्रिस्का."

तो मला नावाने हाक मारत नाही.

"बोल."

"सापडला."

मावशी माझ्याकडेच बघत होती. मी चेहरा हलू दिला नाही.

"पाय हाय माज्या हातात. गमबूट. इंजिनाच्या मागं. जाळं हाय सगळं, कमरेला गुंडाळलंय." श्वास, श्वास. "कापतोय."

"गेज सांग."

चाकूचा आवाज येत होता. नायलॉन कापताना तो कचकच करतो, पाण्यातही.

"कॉन्रॅड, गेज."

"साठ. नाय, पंचावन्न."

"मग निघ."

"एक पदर राहिला."

एक पदर तुटला. मग म्हणाला, अजून एक हाय. त्याच्या खाली दुसरा. बोट पलटताना सगळं जाळं केबिनमध्ये शिरलं असणार आणि स्टीवन त्यात सुटायची धडपड करत गोल फिरला असणार. हे मला तेव्हाच समजलं. बहुतेक कॉन्रॅडलाही, कारण त्याच्या घशातून एक आवाज आला, तो शब्द नव्हता.

"पन्नास झाले असतील," मी म्हणाले. "ये वर. कॉन्रॅड, ये."

"सुटतोय, टीचर. जरासा."

"तू पन्नास म्हणाला होतास."

कचकच. श्वास आता तोकडा आणि घाईचा. पाचोळ्याची रेघ होडीला मागे टाकून निघाली होती. कॅनचा दोर ताणला गेला.

"पीटरमामा, ओढा!"

त्यांनी चार झटके दिले. काही झालं नाही. पुन्हा चार. मावशी उठून उभी राहिली, होडी डुचमळली. हेडफोनमध्ये चाकूचा आवाज थांबला. मग कॉन्रॅड अगदी हळू, बाजूला बसलेल्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, "सोडतो रे."

दोर सैल झाला आणि पीटरमामा हात मारत मारत तो वर घेऊ लागले.

तो वर आला. एकटाच. मावशीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या पाण्याकडे. तिथून आणखी काही वर येईल म्हणून ती बराच वेळ बघत राहिली. आम्ही त्याला बगलांत धरून होडीत ओढला. तो पाठीवर पडून राहिला, छाती भात्यासारखी चालत होती. मी पट्टे सैल करून मास्क काढला. रबराचा लाल वण त्याच्या दाढी काढलेल्या चेहऱ्याभोवती उठला होता.

"हाय तो," कॉन्रॅड म्हणाला. "मावशी, हाय तो तिथं. माज्या हातात होता."

"मग?"

"हवा संपली."

मावशी खाली बसली. काठावरच्या किल्ल्याच्या बाजूने वारा चांगला सुटला होता, तिचा पदर फडफडत होता. "हवा कशी संपते रे?" ती म्हणाली.

तेवढ्यात एक आवाज सगळ्यांना ऐकू आला. फळ्यांवर पालथा पडलेला मास्क सू सू करत होता. चेहऱ्यावरून काढला की या मास्कमधून हवा आपोआप वाहू लागते, सिलिंडर बंद करेपर्यंत वाहत राहते.

मावशीने मास्ककडे बोट केलं. "ही काय हाय?"

"ती..." मी म्हणाले. "ती वर यायची हवा होती, मावशी. त्याला वर येण्यापुरती ठेवलेली."

"मग आता आला ना वर."

तिचं चूक नव्हतं. तो वर आला होता, हवा अजून होती, मुलगा खाली होता, आणि त्याला एवढ्यात कोणीतरी हातात धरलं होतं. हा हिशेब माझ्यापेक्षा सोपा होता. कॉन्रॅड कोपरावर उठला. त्याने खरोखर मास्ककडे हात नेला. पीटरमामांनी त्याच्या मनगटावर पाय ठेवला, जोरात नाही, पण उचलला नाही.

"पानी बग," ते म्हणाले. "पानी गेलं."

मी सिलिंडरची चावी फिरवून बंद केली. शीळ बारीक होत गेली आणि थांबली. काटा वीसच्या खाली होता.

मावशीने कॉन्रॅडचा हात ओढून घेतला. "ह्या हातात होता?" त्याने मान हलवली. तिने त्याचा रबरी मोजा काढला नाही. तसाच, चिखलासकट, दोन्ही हातांत धरून मांडीवर घेतला. माळ तिच्या बोटांतून निसटून फळ्यांवरच्या पाण्यात पडली होती. रिटाने ती उचलून पुसली आणि तिच्यापुढे धरली, पण मावशीचे हात मोकळे नव्हते.

मग रिटानेच सुरू केलं. "नमो मरिये, कृपापूर्णे..."

तिचं अर्धं संपलं. मावशीने कॉन्रॅडकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं, पण त्याला अजून दम पुरत नव्हता, नुसता श्वास बाहेर आला. फेलिशिया रडत होती. म्हणून उत्तर मी दिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. तोवर मी मोजत होते.

पीटरमामांनी कॅनला बांधलेली होडी सोडली. ओहोटीची ओढ इतकी वाढली होती की कॅन तिरपा होऊन पाण्याखाली गेला, एकदा वर आला, आणि पुन्हा गेला. मावशी मागे वळून बसली होती. दर वेळी तो वर आला की ती, मघा पेटीकडे झुकवली तशी मान तिकडे झुकवून, रिटाला हाताने थांबवायची, आणि तो दिसेनासा झाला की पुढचं म्हणायला सांगायची.